परदेशातली मुलं महिनाभर कोकणात राहायला बोलावताय? मग या चुका टाळा

सध्या आपल्याकडच्या एक-दोन मंडळांत ही चर्चा चालू आहे की बेलारूस, युक्रेनकडची मुलं तीन-चार आठवडे गावात आणून ठेवायची, स्वच्छ हवा, ताजं खाणं, समुद्र, आणि परत पाठवायचं. कल्पना नवीन नाहीये. 26 एप्रिल 1986 ला युक्रेनमधल्या चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, किरणोत्सर्ग शेजारच्या बेलारूसपर्यंत पसरला, त्यानंतर काही वर्षांत आयर्लंड, ब्रिटन, इटली, जर्मनीतली साधी घरं तिथली मुलं दर उन्हाळ्यात आपल्याकडे न्यायला लागली. सगळं स्वयंसेवकांच्या जिवावर. क्यूबाने तर हवानाजवळ तारारा नावाच्या समुद्रकाठच्या वसाहतीत 1990 पासून 2011 पर्यंत 20 हजारांहून जास्त मुलांवर उपचार केले, आणि क्यूबा म्हणजे काय, नारळ, दमट हवा, समुद्र, आपल्यासारखंच. त्यामुळे कोकणात हे जमणार नाही असं अजिबात नाही.

पण आपल्या पद्धतीने करायला गेलो की गडबड होते, आणि माझं तर सरळ मत आहे की बहुतेक गडबड आपल्या पाहुणचारामुळेच होते. ही मुलं आरामाला आलेली असतात. आपण त्यांना जावई समजतो.

उन्हाळी सुट्टी म्हणजे कोणाची?

पहिली चूक इथेच. तिकडच्या संस्था ‘समर व्हिजिट’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात जून ते ऑगस्ट असतं, शाळेची मोठी सुट्टी तेव्हाच. आपल्याकडे जूनला होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, समुद्रात पाय घालायची सोय नाही, लाइट गेली की दोन दिवस पत्ता नाही, चिखलात लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) भीती. अशात मुलांना आणून काय दाखवणार, गळकी कौलं?

मग लोक म्हणतात मे महिना ठेवू, आंबे पण मिळतील. आंबे मिळतील हो, पण थंड देशातलं पोर मे महिन्याच्या घामात दोन दिवसांत घामोळ्यांनी लाल होतं, रात्री झोपत नाही, आणि त्यात सगळे चाकरमानी गावाला आलेले, ट्रेनला तिकीट नाही, घराघरात गादीवर चार-चार माणसं. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हीच आपली खरी वेळ. शाळेचं काय? तर वर्गशिक्षिका बरोबर पाठवून तिने रोज दोन तास तिथला अभ्यास घ्यायचा, असं तिकडच्या संस्थेशी आणि शाळेशी आधीच ठरवून घ्यायचं. नाहीच जमलं तर या वर्षी राहू दे म्हणायचं, उगाच पावसात ओढून आणू नका.

आल्या आल्या हायवे

मुंबईला विमान उतरलं की त्याच रात्री स्लीपर बसमध्ये घालून मुंबई-गोवा हायवेने गावात. हे करू नका. त्या रस्त्याचं काम कुठे कधी अडलेलं असेल सांगता येत नाही, आपल्याच पोटातलं ढवळून निघतं. एक रात्र मुंबईत किंवा पनवेलला झोपू द्या, सकाळच्या ट्रेनने आणा. सिंधुदुर्गवाल्यांना गोव्यातलं मोपाचं विमानतळ जवळ पडतं, तिथपर्यंत तिकीट मिळतंय का आधी बघा. आणि बेलारूसचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, म्हणजे आपली आजी सकाळी सातला ‘उठा रे, चहा झालाय’ करते तेव्हा त्यांच्या शरीराला साडेचार वाजलेले असतात. पहिले चार-पाच दिवस कोणी उठवायचं नाही, हा नियम आजीला आधीच सांगून ठेवा.

सत्कार

यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण सगळ्यात जास्त त्रास याचाच. गावात परदेशी मुलं येणार म्हटल्यावर बॅनर लागतो, त्यावर मुलांच्या फोटोपेक्षा मोठे फोटो दुसऱ्यांचेच. ग्रामपंचायतीसमोर मांडव, नऊचा कार्यक्रम, पाहुणे साडेअकराला येतात, मुलं तोपर्यंत उन्हात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, मग शाल, श्रीफळ, मोठ्या फुलांचा हार, चार भाषणं, त्यातलं एक अक्षर त्यांना कळत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत तेच, मग देवळात, मग पतपेढीत. अहो, त्यातलं एखादं मूल बापाशिवाय वाढलेलं असतं, एखाद्याने युद्धात सायरन ऐकलेला असतो, त्याला माईकचा आवाज आणि फटाके सहन होत नाहीत. फटाक्यांच्या माळा लावून स्वागत तर अजिबात नको, युक्रेनच्या मुलांसमोर तर मुळीच नको.

एकच छोटा कार्यक्रम करा, तोही दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी, सावलीत, अर्ध्या तासाचा. बाकी सगळ्यांना ‘मुलं विश्रांतीला आलीयत’ एवढं सांगायची जबाबदारी एका माणसावर टाका, आणि तो माणूस थोडा तुसडा असलेला बरा, गोड माणसाला नाही म्हणता येत नाही. आणि हो, मुलांचे फोटो, नाव, कोणाच्या घरी आहेत हे फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकायचं नाही, तिकडच्या पालकांनी लेखी परवानगी दिली असेल तरी घराचा पत्ता नाहीच.

दिवसभराचा प्रोग्राम पण असाच. सकाळी किल्ला, दुपारी डॉल्फिन, संध्याकाळी गणपतीपुळे. तीन दिवसांत पोर आजारी. एक दिवसाआड एक गोष्ट, बाकी वेळ अंगणात. अंगणात मांजर, कोंबड्या, झोपाळा आणि शेजारची दोन पोरं असली की त्यांना दुसरं काही लागत नाही, भाषेशिवाय लगोरी कशी खेळायची ते मोठ्यांनी शिकवायची गरज पडत नाही.

जेवणावरून होणारे घोळ

‘खा रे झिला, लाजतंस कित्याक’ हे वाक्य आठवडाभर बंद ठेवायचं. पहिल्या दिवशी पापलेट, सुरमई, कोलंबीचं सुकं, सोलकढी, मोदक असं ताट वाढलं की मुलाला वाटतं नाही म्हटलं तर वाईट वाटेल, ते सगळं खातं आणि रात्री उलट्या. पहिले तीन दिवस मऊ भात, तूप, उकडलेला बटाटा, अंडं, केळं, साधं वरण, चटणीशिवाय घावणे किंवा आंबोळी. घावणे तर फारच चालतात, त्यांच्याकडे पण पातळ धिरड्यासारखं असतंच. नंतर हळूहळू मासे, आणि मासे देताना काटे काढलेले द्या. आपलं पोर तीन वर्षांचं असल्यापासून जिभेने काटा वेगळा करतं, त्यांना ते येत नाही, बांगडा तर पहिल्या आठवड्यात नकोच. तिसऱ्या (शिंपल्या), कोलंबी, शेंगदाणा, काजू यांची अ‍ॅलर्जी आहे का हे येण्याआधी फॉर्मवर लिहून घ्या, आल्यावर विचारलं तर दुभाष्याच्या नादात राहून जातं.

पाणी उकळूनच, बर्फाचा गोळा नाही, शहाळं कितीही. आणि कोणीतरी काकू काढा घेऊन येतेच, ‘अंगातलं किरणोत्सर्ग निघून जाईल’ म्हणून. प्रेमाने घ्या, मुलाला देऊ नका.

या पोरांपासून आपल्याला काही होईल का?

हे गावात कोणीतरी कुजबुजतंच, म्हणून मीटिंगमध्ये आधीच बोलून टाका. किरणोत्सर्ग सर्दीसारखा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. आणि आज येणारी मुलं 1986 नंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली आहेत. तेव्हा दुधातून मुलांच्या थायरॉइडमध्ये गेलं ते आयोडीन-131, ते दर 8 दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे त्याच वर्षी संपलं. राहिलं आहे ते सीझियम-137, त्याला निम्मं व्हायला 30 वर्षं लागतात, आणि ते आजही तिथल्या काही भागांत जंगलातले मश्रूम, बेरी, शिकारीचं मांस यातून पोटात जातं. शरीरातून मात्र ते बाहेर पडत राहतं, मोठ्या माणसात निम्मं व्हायला साधारण तीन महिने, लहान मुलांत त्याहून लवकर. म्हणून महिनाभर स्वच्छ अन्न मिळालं तर आकडा खाली येतो हे खरं, पण परत जाऊन तेच मश्रूम खाल्ले की पुन्हा वर. ‘आमच्या गावात येऊन मुलं बरी झाली’ असं पेपरात छापून आणणं ही म्हणूनच चूक आहे, बरं होणं एवढं स्वस्त नसतं. 2005 च्या चेर्नोबिल फोरमच्या अहवालात तर मानसिक परिणाम हाच त्या अपघातातून आलेला सगळ्यात मोठा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हटला होता. सतत ‘तू बिचारा, तू आजारी’ ऐकून पोर खरंच आजारी वागायला लागतं. दात आणि डोळे तपासून घ्या, लागला तर चष्मा करून द्या, तिकडच्या संस्था हेच करतात आणि त्याचा फायदा दिसतो.

यातच दुसरी भानगड म्हणजे जैतापूरचा नियोजित अणुऊर्जा प्रकल्प. रत्नागिरी जिल्ह्यात चेर्नोबिल शब्द काढला की माडबन, साखरी नाटे, 2011 चं आंदोलन सगळं वर येतं, आणि कोणाला तरी वाटतं या मुलांना व्यासपीठावर उभं केलं तर मुद्दा ठसेल. तुम्ही प्रकल्पाच्या बाजूने असा नाहीतर विरोधात, ते तुमचं तुम्ही लढा, दहा वर्षांच्या पोराच्या हातात फलक देऊ नका.

कोकणात राहणाऱ्याला माहीत असतं, पाहुण्याला नाही

आपण काजूची बी कधी दातांनी फोडत नाही, कारण आपल्याला लहानपणीच आईने फटका दिलेला असतो. बाहेरचं मूल बोंडू खातं, खाली लटकलेली बी बघतं आणि चावतं, आणि तो चीक ओठाला लागला की फोड येतात, आठवडाभर जेवण नाही. कैरीच्या देठाच्या चिकाचंही तसंच. बागेत नेण्याआधी हे हाताने करून दाखवा, नुसतं सांगून नाही.

चप्पल-बूट घालायच्या आधी झटकायचे, ही सवय पहिल्याच दिवशी. आपला लाल विंचू लहान मुलाला जिवावर बेततो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून यावर उपचार शोधला म्हणून आज पोरं वाचतात, पण औषध मिळायला दवाखाना गाठावा लागतो. कातळावर, दगडांच्या गडग्यात फुरसं असतं. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, डेरवणसारखं मोठं हॉस्पिटल किती वेळात गाठता येईल, हे मुलं यायच्या आधी स्वतः जाऊन बघून या, फोनवर ‘हो आहे’ म्हणतातच. दोडामार्ग भागात माकडतापाच्या (गोचिडीतून होणाऱ्या तापाच्या) दिवसांत जंगलात फिरायला नेऊ नका.

समुद्राबद्दल जास्त बोलत नाही, गुहागर, गणपतीपुळ्याला पर्यटक कसे बुडतात ते आपल्याला माहीत आहे. भरती-ओहोटी बघून, गावातल्या पोहणाऱ्या माणसासोबत, गुडघ्याच्या वर नाही. स्विमिंग पूलमध्ये पोहता येतं म्हणून समुद्रात येतं असं नाही.

कागदपत्रं

कंटाळवाणं आहे पण इथेच मंडळं अडकतात. परदेशी माणूस आपल्या घरी राहिला तर 24 तासांच्या आत ऑनलाइन नोंद करावी लागते, ज्याला सगळे फॉर्म सी म्हणतात. फक्त हॉटेलवाल्यांना लागू आहे असं समजू नका, घराला पण आहे. 2025 मध्ये नवा कायदा आला तरी ही नोंद सुटलेली नाहीये. तिकडच्या संस्थेने ‘खर्चाला थोडे युरो पाठवतो’ म्हटलं की मंडळाचा बँक नंबर द्यायचा नाही. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी देणगी घेणं गुन्हा आहे, आणि 2020 नंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. सोपा मार्ग म्हणजे इथला खर्च इथल्या वर्गणीतून.

आई-वडिलांचं उपचारांसाठीचं संमतिपत्र, विमा, औषधांची यादी, हे सगळं इंग्रजीत भाषांतर करून. प्रत्येक घरात पासपोर्टची झेरॉक्स, मूळ पासपोर्ट शिक्षिकेकडे. एका घरात दोन मुलं एकत्र, एकटं मूल कधीच नाही. घरातल्या मोठ्या सगळ्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन, मग ते घर अध्यक्षांचं का असेना. लोकांना राग येतो, येऊ दे. काही चुकीचं कानावर आलं तर ‘गावातच मिटवू’ नाही. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली माहिती असून न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करायचा.

जाताना

शेवटच्या आठवड्यात सगळे हळवे होतात आणि नको ती वचनं देतात. ‘पुढच्या वर्षी परत बोलावू’, ‘शिकायला इकडेच ठेवून घेऊ’. 2006 मध्ये इटलीत एका जोडप्याने बेलारूसची मुलगी परत पाठवायला नकार दिला आणि तिला लपवून ठेवलं, ते प्रकरण दोन देशांच्या सरकारांपर्यंत गेलं. ठरलेलं नसेल ते बोलू नका, एवढंच.

भेटवस्तूंचं पण ठरवून घ्या. एका घरी सायकल आणि दुसऱ्या घरी पिशवीभर खाऊ असं झालं की मुलांत भांडणं. सगळ्यांना सारखी रक्कम, आणि घरी असलेल्या भावंडासाठी काहीतरी छोटं, ते मुलाला स्वतः निवडू द्या. बॅग दोन दिवस आधी काट्यावर ठेवून बघा, कारण प्रत्येक शेजारीण फणसपोळी, आमसुलं, लोणच्याची बरणी आणून देतेच आणि विमानतळावर वजन जास्त झालं की नेमकं मुलाने जमवलेले शंख-शिंपले काढायला लावतात. आणि बॅग काकूंनी नाही, शिक्षिकेने भरायची, नाहीतर पासपोर्ट आमसुलांच्या खाली जातो.