गावातल्या बायकांशी कुटुंब नियोजनावर बोलायचं तर सुरुवात कुठून करायची

"कुटुंब नियोजनाची मीटिंग आहे" असं सांगून बोलावलंत तर अर्ध्या जणी येतच नाहीत, ज्या येतात त्या पदर तोंडाला लावून हसतात आणि शेजारी सासू असेल तर सून गप्पच. म्हणून मी आधी अंगावरून पांढरं जाण्याचा विषय काढते, तो सगळ्यांच्या ओळखीचा, एक बोलली की दुसरी बोलतेच. वास, खाज असेल तर दवाखान्यात जा आणि कधीकधी नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं हे तिथंच सांगून टाकायचं.

वेळ दुपारची, भांडीकुंडी उरकल्यावर. खुरपणीच्या दिवसांत नादच करू नका. सासवांची बैठक वेगळी घ्या.

सगळ्यात जास्त भीती तांबीची, म्हणजे गर्भपिशवीत बसवायच्या कॉपर-टीची. "ती वर चढून काळजात जाते" हे दर गावात ऐकायला मिळतं. यावर भाषण नको, तांबी हातात द्या, मूठ वळायला सांगा, पिशवी साधारण तेवढीच, तिथून काळजाला वाट नाही. ३८० ए वाली १० वर्षं चालते, पाहिजे तेव्हा काढता येते, बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवतात. पण सुरुवातीचे काही महिने पाळीत जास्त जातं, पोटात दुखतं, हे लपवू नका, नाहीतर ती बाई काढून टाकते आणि वर चार जणींना घाबरवते.

छाया म्हणजे दिवस न जाण्याची गोळी, पण रोजची नाही, म्हणून तिला कॅलेंडरच लागतं. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी, समजा तो रविवार, तर तीन महिने रविवार-बुधवार, मग फक्त रविवार. 'अंतरा' हे दिवस न जाण्याचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, त्यात पाळी मागेपुढे होते किंवा बंदच होते, हे आधी नाही सांगितलं तर बाईला वाटतं दिवस गेले.

"अंगावर पाजतेय म्हणजे दिवस जात नाहीत" हे अर्धंच खरं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी आलेली नाही, तिन्ही असेल तरच.

निरोध मी लाटण्यावर दाखवते (घरचं लाटणं नेऊ नका, सासूबाई पोळ्या खायच्या बंद होतील). रोगापासून वाचवणारं साधन यातलं तेवढं एकच, हे मात्र हसण्यात राहून जातं, परत सांगा. पुरुष नसबंदीत टाके नाहीत, ताकद जात नाही, पण पुढचे तीन महिने निरोध वापरावाच लागतो.

आणि मीटिंग संपली की लगेच गाडीला किक मारू नका, खरा प्रश्न चपला घालताना हळूच येतो.