फ्रीलान्स सांभाळून स्वतःचं अ‍ॅप कसं उभं करायचं: गोव्यातल्या डेव्हलपरसाठी

फ्रीलान्स करता करता स्वतःचं अ‍ॅप बनवायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो रोज पहाटे उठून दोन तास अ‍ॅपला देण्याचा. सल्ला वाईट नाही पण आपल्याकडे तो ऑगस्टमध्ये हमखास मोडतो. कळंगुट-बागाचे हॉटेलवाले असोत नाहीतर पणजी-पर्वरीच्या एजन्सी, सगळ्यांना वेबसाइट आणि बुकिंगची कामं पर्यटनाचा सीझन सुरू व्हायच्या आत हवी असतात, त्यातच चवथ म्हणजे गणेश चतुर्थी येते, मुंबई-पुण्याची माणसं घरी येतात, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं सामान आणायचं असतं, आणि ते पहाटेचे दोन तास कुठे गेले कळतच नाही, मग माणूस स्वतःला आळशी समजून अ‍ॅप सोडून देतो. आळशीपणाचा यात काही संबंध नाही. मोजमाप चुकलेलं असतं. फ्रीलान्स आणि अ‍ॅपचा मेळ दिवसाच्या हिशेबाने घालायला गेलात तर बसत नाही, वर्षाच्या हिशेबाने बसतो. तो कसा बसवायचा ते सांगतो.

आधी वर्षाचं कॅलेंडर काढा

एक कागद घ्या, बारा महिने लिहा आणि प्रत्येक महिन्यापुढे गेल्या दोन वर्षांत किती इन्व्हॉइस गेली ते लिहा. बहुतेकांना दिसेल की जून-जुलै रिकामे आणि ऑगस्ट-सप्टेंबर तुडुंब. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर किनाऱ्याला असतात आणि त्याच दिवसांत जाळी नीट होतात, बोटींची डागडुजी होते, तसे हे दोन महिने अ‍ॅपचे. नवीन फीचर, मोठा बदल, डेटाबेसची मोडतोड, जे काही डोकं लावून करायचं ते याच काळात. पावसात वीज जाते हे धरूनच चला, राउटरला छोटा यूपीएस लावा, डॉक्युमेंटेशन आणि लायब्ररी आधीच उतरवून ठेवा म्हणजे नेट नसलं तरी काम चालू राहतं.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काय काय एकत्र येतं बघा. गूगल प्ले दरवर्षी साधारण ३१ ऑगस्टची मुदत देतं, तोपर्यंत अ‍ॅप नव्या अँड्रॉइड एपीआय लेव्हलवर (म्हणजे अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीच्या नियमांवर) नेलं नाही तर पुढचे अपडेट टाकता येत नाहीत. सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलचं नवीन आयओएस येतं आणि काहीतरी तुटतंच. २०२६ ची चवथ १४ सप्टेंबरला आहे. आणि क्लायंट रांगेत उभे. म्हणून एपीआय लेव्हलचं काम जुलैमध्येच उरका, या दोन महिन्यांत अ‍ॅपमध्ये फक्त बग काढा, नवीन काही सुरू करू नका आणि त्याचं वाईटही वाटून घेऊ नका, कारण वर्षभराची कमाई याच काळात होते.

ऑक्टोबर ते मार्च जरा संथ पण सलग असतो. हॉटेलवाले गिऱ्हाइकांत अडकलेले असतात, त्यांना साइटला हातही लावलेला नको असतो. परदेशी क्लायंट असतील तर नाताळच्या आसपास तिकडूनही काम थंडावतं. हे महिने आठवड्याला ठरावीक तास द्यायला बरे. मार्चमध्ये शिगमो (आपल्याकडची होळी) आणि वर्षाअखेरीचे हिशेब, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका.

पैशाचा पाया

अ‍ॅपला दिलेला वेळ फुकटचा नसतो हे एकदा आकड्यात बघा. समजा तुमचा दर तासाला १,००० रुपये आहे आणि आठवड्याला १० तास अ‍ॅपला देताय, म्हणजे महिन्याला ४०,००० रुपयांचं काम तुम्ही सोडताय. ही गुंतवणूक आहे, आणि ती कुठून करणार हे माहीत हवं. माझ्या मते घरखर्चाचे किमान सहा महिने बाजूला असल्याशिवाय अ‍ॅपसाठी काम नाकारायला सुरुवात करू नये. गावात स्वतःच्या घरात राहणाऱ्याला हे म्हापशात नाहीतर पणजीत भाडं भरणाऱ्यापेक्षा खूप सोपं जातं, ती सोय असेल तर तिचा फायदा जरूर घ्या.

दुसरं म्हणजे मेंटेनन्सची कामं धरून ठेवा. ज्या हॉटेलची साइट तुम्ही बनवली त्यांच्याशी वर्षाचा करार करा, बॅकअप, सिक्युरिटी अपडेट, महिन्याला दोन-तीन तास बदल. रक्कम छोटी असते पण अशी चार-पाच हॉटेलं असली की जून-जुलैमध्ये वीजबिल आणि किराणा निघतो आणि तुम्ही निवांत अ‍ॅपवर बसू शकता.

उधारी हा आपल्याकडचा जुना आजार. काम सुरू करताना अर्धे पैसे अ‍ॅडव्हान्स घ्या, आणि उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून ठेवा, सरकारी पोर्टलवर ते फुकट होतं. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. कोर्टात जायची वेळ सहसा येत नाही, इन्व्हॉइसवर उद्यम नंबर आणि ही मुदत छापलेली असली की समोरचा अकाउंटंट फाइल वर काढतो.

करारातली ती एक ओळ

क्लायंटचा करार आला की आपण पैसे आणि तारखा बघतो आणि सही करतो. पण त्यात कुठेतरी एक ओळ असते, कराराच्या काळात डेव्हलपरने तयार केलेलं सर्व काम कंपनीच्या मालकीचं राहील. या ओळीचा अर्थ लावायचा म्हटला तर रात्री घरी बसून लिहिलेलं तुमचं अ‍ॅपसुद्धा त्यात ओढता येतं. ती बदलून घ्या: या प्रोजेक्टसाठी लिहिलेला कोड, पूर्ण पैसे मिळाल्यानंतर, क्लायंटच्या मालकीचा. खाली एक छोटी यादी जोडा की अमुक अमुक लायब्ररी आणि अमुक अ‍ॅप आधीपासून माझं आहे. चांगले क्लायंट यावर भांडत नाहीत.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा इथे फ्रीलान्सरच्या बाजूचा आहे. पगारी नोकराने लिहिलेला कोड मालकाचा होतो, पण फ्रीलान्सर नोकर नाही, त्यामुळे लेखी हस्तांतरण होईपर्यंत कोडचा पहिला मालक तोच. हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि जागा लिहिलेली नसेल तर फक्त भारत. हे माहीत असलेला माणूस करारावर बोलताना दबत नाही. मात्र उलटही तितकंच पाळा, क्लायंटचा कोड उचलून आपल्या अ‍ॅपमध्ये टाकायचा नाही, त्याच्या लॅपटॉपवर आणि त्याच्या अकाउंटमध्ये आपलं काम करायचं नाही.

अ‍ॅप असं निवडा की खाली ठेवता येईल

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. फ्रीलान्सरचं अ‍ॅपवरचं काम मधेच तीन-चार आठवडे बंद पडणार हे नक्की आहे, तेव्हा अ‍ॅप तेवढे दिवस तसंच पडून राहू शकलं पाहिजे. ज्याला रोज सर्व्हरकडे बघावं लागतं, रोज ग्राहकांचे फोन घ्यावे लागतात, डिलिव्हरीची पोरं सांभाळावी लागतात, ते अ‍ॅप एकट्या माणसाने फ्रीलान्ससोबत काढू नये, कल्पना कितीही चांगली असली तरी.

एक उदाहरण घेऊ. समजा तुम्हाला आरत्यांचं अ‍ॅप काढायचं आहे, वाड्यावर चवथीला घरोघरी घुमट (मातीचं तालवाद्य) घेऊन आरत्या करत फिरणाऱ्या पोरांसाठी. डोक्यात लगेच येतं की ऑडिओ हवा, लॉगिन हवं, कुणाच्या घरी किती वाजता ते ग्रुपमध्ये शेअर करायची सोय हवी. आता प्रत्यक्ष आरती कशी होते ते आठवा. पाच-सहा जण एका मोबाइलवर वाकलेले, एकाच्या हातात घुमट, दुसऱ्याच्या हातात कांसाळं (मोठी झांज), स्क्रीनला हात लावायला कुणी मोकळा नाही, आणि दुसऱ्या कडव्यात स्क्रीन बंद होते. म्हणजे पहिल्या व्हर्जनला तीनच गोष्टी लागतात: अक्षर हातभर लांबून वाचता येईल एवढं मोठं, आरती उघडी असेपर्यंत स्क्रीन बंद न होणं, आणि सगळं नेटशिवाय चालणं. सर्व्हर नाही, लॉगिन नाही, महिन्याचा खर्च नाही. असं अ‍ॅप तुम्ही सप्टेंबर संपल्यावर खाली ठेवलं आणि जानेवारीत उचललं तरी कुणाचं काही अडत नाही. तुमच्या अ‍ॅपचा विषय वेगळा असेल, हॉटेलच्या स्टॉकचं असेल नाहीतर परदेशातल्या लोकांसाठी असेल, पण ते वापरणारा माणूस कुठे उभा आहे आणि त्याच्या हातात काय आहे हे असंच बघा, निम्मी फीचर्स आपोआप गळतात.

आठवडा कसा लावायचा

अ‍ॅपला दिवसाचा शिल्लक वेळ देऊ नका, रात्री दहानंतर दमलेल्या डोक्याने लिहिलेला कोड दुसऱ्या दिवशी पुसावा लागतो. आठवड्यातल्या दोन सकाळी पक्क्या धरा, बाजाराचा दिवस सोडून, आणि त्या वेळेत फोन सायलेंट. क्लायंटला कारण सांगायची गरज नाही, या वेळेत मी उपलब्ध नसतो एवढं पुरतं.

आणि काम थांबवताना एक चिठ्ठी लिहून ठेवा, ही सवय लावाच. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच साधी टेक्स्ट फाइल, काहीशी अशी:

सर्च चालतोय पण "श्री" टाकलं की तोच रिझल्ट दोनदा येतो. सर्चच्या फाइलमध्ये फिल्टरच्या खालची ओळ बघ. ते झालं की फॉन्टची साइझ सेव्ह करायची. पेमेंटला हात लावू नको, ते अर्धवट आहे, वेगळ्या ब्रँचवर ठेवलंय.

महिन्याभराने परत आल्यावर कोड समजून घेण्यातच एक अख्खी सकाळ जाते, तीच जर अशी चिठ्ठी असली तर दहा मिनिटांत हात चालायला लागतो. अ‍ॅप वेळ नसल्यामुळे मरतात त्याहून जास्त, परत उघडायची भीती वाटल्यामुळे मरतात असं मला ठामपणे वाटतं.

क्लायंटचं वाढीव काम हे तुमच्या त्या दोन सकाळींचा वेळ खाणारं मुख्य प्रकरण. "अरे एवढं एक छोटंसं करून दे रे, चवथीआधी" असा मेसेज आला की लगेच हो म्हणू नका, आणि वादही घालू नका. साधं उत्तर द्या: नमस्कार सर, हा बदल ठरलेल्या कामात नव्हता, याला साधारण सहा तास लागतील, त्याचं वेगळं बिल करतो आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत देतो, चालेल ना? निम्म्या वेळा समोरून येतं, राहू दे मग, नंतर बघू.

स्टोअरवर टाकताना

गूगल प्लेची फी एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलची दरवर्षी ९९ डॉलर. हात आखडता असेल तर अँड्रॉइडने सुरुवात करा. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक प्ले अकाउंट असेल तर आधी क्लोज्ड टेस्टिंग, म्हणजे ठरावीक लोकांकडूनच चाचणी, करावं लागतं, किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस जोडलेले हवेत, मगच अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करायचा अर्ज करता येतो. घरच्यांना लिंक पाठवली की सगळे हो म्हणतात आणि निम्मे ती उघडतच नाहीत, म्हणून वीसेक जण धरा आणि समोर बसवून जोडून घ्या. वरच्या आरतीच्या अ‍ॅपसारखं काही सणाला हवं असेल तर टेस्टिंग जूनमध्ये सुरू झालं पाहिजे, कारण १४ दिवसांनंतर गूगलच्या तपासणीला आणखी वेळ लागतो आणि एखादा अर्ज परतही येतो.

कमाईतून वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत गूगल १५ टक्के कापतं, अ‍ॅपलच्या स्मॉल बिझनेस प्रोग्रॅममध्येही १५ टक्केच, त्यासाठी मात्र अर्ज करावा लागतो. ९९ रुपयांच्या खरेदीतले साधारण ८४ तुमचे, टॅक्स वेगळा. म्हणजे महिन्याला ४०,००० हवे असतील तर ४७६ जणांनी विकत घ्यायला हवं, दर महिन्याला, नवीन. हा आकडा आधीच भिंतीवर लावा, किंमत आणि सबस्क्रिप्शनचा विचार त्यावरूनच सुचतो.

टॅक्सचं थोडक्यात

फ्रीलान्सची आणि अ‍ॅपची कमाई एकाच पॅनवर एकत्र मोजली जाते, सेवांसाठी जीएसटीची २० लाखांची मर्यादा दोन्ही मिळून. परदेशी क्लायंट असतील आणि जीएसटी नंबर असेल तर दरवर्षी एलयूटी (निर्यातीवर जीएसटी न भरता बिल करण्यासाठीचं हमीपत्र) भरायचं विसरू नका. जुन्या कायद्यात ४४एडीए म्हणून ओळखली जाणारी योजना लागू होत असेल तर निम्मी जमा नफा धरून टॅक्स भरता येतो, मात्र त्यात अ‍ॅडव्हान्स टॅक्स सगळा १५ मार्चपर्यंत भरावा लागतो. तुमच्या कामाला ती लागू होते का हे सीएला एकदा विचारा, ती फी वसूल होते.

फ्रीलान्स कधी कमी करायचं

एखाद्या चांगल्या महिन्यावर भुलू नका. बारा महिन्यांची सरासरी काढा, आणि सरासरीने घरखर्चाचा निम्मा भाग अ‍ॅपमधून निघत असेल तर एक क्लायंट सोडायला हरकत नाही. सोडताना आधी तो सोडा जो रात्री-अपरात्री फोन करतो आणि पैसे उशिरा देतो, मेंटेनन्सवाले शेवटपर्यंत ठेवा. महिनाभर आधी सांगा, पासवर्ड, होस्टिंग, डोमेनची तारीख सगळं एका कागदावर लिहून द्या, आणि जमलं तर ओळखीतला दुसरा डेव्हलपर सुचवा. म्हापसा ते मडगाव सगळे एकमेकांना ओळखतात, पुढच्या जूनमध्ये मधेच काम लागलं तर हाच माणूस तुमचं नाव दुसऱ्याला देतो.