खुली जागा वाचवायची आहे? मग सुनावणीआधी एवढं करा

कॉलनीतल्या खुल्या जागेवर सभामंडप नाहीतर गाळे येणार अशी कुजबुज सुरू झाली की आपल्याकडे पहिली उडी मोर्चावर पडते. परभणी असो की धाराशिव, मोर्चा निघतो, फोटो छापून येतो आणि तेवढ्यात पालिकेत हरकत नोंदवायची मुदत गुपचूप संपून जाते. म्हणून आधी कागद गोळा करा, घोषणा मागाहून देता येतात.

नगररचना विभागातून मंजूर रेखांकनाची, म्हणजे लेआउटच्या नकाशाची, नक्कल काढा. मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खुली सोडावी लागते. तुमचा तुकडा त्यात आहे की सुविधा क्षेत्रात (शाळा, दवाखान्यासारख्या सोयींसाठी राखलेल्या जागेत), हे नकाशावर बोट ठेवून बघा, कारण दोन्हींचे नियम वेगळे. जागा अजून कुणाच्या नावावर आहे तेही तपासा. विकास आराखड्यात बागेचं आरक्षण असेल आणि ते १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली बदलायचं असेल, तर जाहीर सूचना काढून हरकतींना महिनाभराची मुदत द्यावीच लागते. ही सूचना पेपरात अशा बारीक टायपात येते की चष्म्याशिवाय दिसत नाही. तेव्हा गल्लीतल्या एखाद्या निवृत्त गुरुजींना रोज तेवढं पान वाचायचं काम द्या, आनंदाने करतात.

झाडांची मोजणी मात्र निवांत करा. रविवारी सकाळी टेप घेऊन जा, साडेचार फुटांवर खोडाचा घेर मोजा, गेरूने क्रमांक टाका (खिळा ठोकू नका, बाबांनो), क्रमांक दिसेल असा फोटो घ्या. कडुनिंब, चिंच, करंज वेगळे लिहा; सुबाभळीची संख्या फुगवून यादी लांबवू नका, समोरचा अधिकारी तिथंच पकडतो. मग जुन्या लोकांना विचारा, कुणी लावलं, कोणत्या साली, दुष्काळात पाणी कुणी घातलं. ही माहिती फार कामाची. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीपासून ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि एरवी परवानगी देतानाही तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आहे. तोडीची नोटीस पेपरात आणि झाडावरही लागायला हवी. लागली असेल तर तारखेसह फोटो काढा. नसेल तर कोऱ्या खोडाचा काढा.

हरकतीत जागतिक तापमानवाढीवर निबंध लिहू नका. मे महिन्यात दुपारी दोनला त्याच निंबाखालचं आणि बाजूच्या सिमेंट रस्त्यावरचं तापमान मोजून आकडे द्या. कुणाचा बोअर किती फुटांवर गेला, कोणत्या महिन्यात टँकर सुरू होतो, घरवार यादी जोडा. पाणी मुरायला मोकळी माती लागते हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही; २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

नगरसेवकाला सुनावणीच्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी भेटा. आणि सभामंडप मागणारे परके नाहीत हे ध्यानात ठेवा. भजनी मंडळाच्या बायकांना खरंच बसायला जागा नसते. शाळेचा हॉल संध्याकाळी मिळवून देता येतो का, हे बोलून या. नाहीतर तुम्ही देवाच्या विरोधात आहात असा बोभाटा व्हायला एक दिवस लागतो.

हरकत प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावी. एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्स साहेब एका नजरेत बाजूला सारतात. आवक खिडकीवर शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका, "ठेवून जा" म्हटलं तरी. बोलायला तिघं पुरेत: कागदावर एक, झाडांवर एक, पाण्यावर एखादी मावशी. कागदवाल्याने १९९१ चा बंगळुरूचा निकाल सोबत ठेवावा. बागेची जागा खासगी दवाखान्याला देणं सुप्रीम कोर्टाने तेव्हा रद्द ठरवलं होतं.

सुनावणी झाली की इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात मागा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज द्या, उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. ती प्रत आणि पोच झालेल्या हरकती एकाच फाइलला लावा. छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जायची वेळ आली तर वकील पहिल्यांदा हीच फाइल मागतील.