डार्क वजा केल्यावर फोटो आणखी बिघडतोय? या चुका टाळा

तेजोमेघाच्या फ्रेम (लाइट) गोळा केल्या, डार्क (झाकण लावून तेवढ्याच एक्सपोजरने घेतलेल्या काळ्या फ्रेम) त्यांतून वजा केले, स्टॅकिंग केलं, म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र केल्या. आणि पार्श्वभूमीवर आधी जिथे लाल, हिरवे, निळे ठिपके होते तिथे आता काळे ठिपके दिसू लागले. अशा वेळी बरेच जण सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज बदलत बसतात. दोष बहुधा डार्कमध्ये असतो, आणि नीट पाहिलं तर तो कुठला हे फोटोच सांगतो.

काळे ठिपके म्हणजे हॉट पिक्सेलमधून (उजेड नसतानाही चमकणाऱ्या पिक्सेलमधून) जरुरीपेक्षा जास्त वजा झालं. डार्क घेताना सेन्सर लाइटच्या वेळेपेक्षा जास्त तापलेला होता, किंवा डार्कचं एक्सपोजर जास्त होतं. उजळ ठिपके तसेच उरले असतील तर उलट समजा: डार्क थंड सेन्सरवर घेतले गेले किंवा कमी वेळाचे आहेत. खात्री करायची सोपी रीत आहे. अलाइन न केलेली (इतर फ्रेमशी न जुळवलेली) एक कच्ची लाइट फ्रेम आणि मास्टर डार्क (सगळ्या डार्कची सरासरी) शेजारी शेजारी उघडा, चारपाच हॉट पिक्सेल निवडा आणि दोन्हीकडे त्यांची किंमत वाचा. आकाशाचा उजेड सोडला तर आकडे जवळपास जुळले पाहिजेत. सगळीकडे डार्कचाच आकडा मोठा येत असेल तर तो मास्टर बाजूला ठेवा.

तापमान: सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो

सेन्सरमधला डार्क करंट (उजेड नसतानाही उष्णतेमुळे साचणारा सिग्नल) साधारण दर ६ अंश सेल्सिअसला दुप्पट होतो. सेन्सरनुसार हा आकडा थोडा मागेपुढे होतो. म्हणजे १२ अंशांचा फरक पडला की चौपट. आयएसओ आणि एक्सपोजर काटेकोर जुळवून डार्क दुसऱ्या दिवशी घरात घेतले, तर बाकीच्या सगळ्या काळजीचा उपयोग होत नाही.

डीएसएलआरमध्ये आणखी एक अडचण आहे. हवेचं तापमान म्हणजे सेन्सरचं तापमान नव्हे. सलग एक्सपोजर सुरू झाले की सेन्सर तापत जातो आणि काही फ्रेमनंतर स्थिरावतो. म्हणून डार्क त्याच रात्री, त्याच जागी, लाइट संपल्या संपल्या घ्या आणि दोन फ्रेममधलं अंतरही तेवढंच ठेवा. मध्ये खंड पडला असेल तर सुरुवातीच्या काही डार्क टाकून द्या. रात्रभरात हवा बरीच गार होणार असेल तर काही डार्क आधी आणि काही शेवटी घेतलेले बरे.

कूल्ड कॅमेऱ्यात (सेन्सर थंड ठेवणाऱ्या कॅमेऱ्यात) हे काम सोपं होतं, पण कूलर १०० टक्क्यांवर चालत असेल तर सेन्सर ठरवलेल्या तापमानाला टिकत नाही. उणे १० जमत नसेल तर उणे ५ ठेवा. फिट्स (खगोल कॅमेऱ्यांच्या फाइलचा प्रकार) हेडरमध्ये प्रत्येक फ्रेमचं खरं तापमान नोंदलेलं असतं, ते बघायची सवय लावून घ्या. त्याच हेडरमध्ये गेन (सिग्नल किती वाढवला), ऑफसेट (प्रत्येक पिक्सेलमध्ये मिळवलेला ठरावीक आकडा) आणि बिनिंगही (शेजारचे पिक्सेल एकत्र करणं) असतं. यातली एकही गोष्ट वेगळी असेल तर तो डार्क त्या लाइटचा नाही.

डार्क नॉइज काढत नाही

हा गैरसमज फार पसरलेला आहे. प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी, तेवढाच येणारा भाग, म्हणजे हॉट पिक्सेल, अँप ग्लो (सेन्सरच्या कडेला किंवा कोपऱ्यात दिसणारी चमक) आणि सेन्सरची कायमची नक्षी, एवढाच डार्कने जातो. यादृच्छिक नॉइज जात नाही. उलट डार्कचा स्वतःचा नॉइज फोटोत मिसळतो. एका लाइटमधून एकच डार्क वजा केला तर कॅमेऱ्याचा नॉइज सुमारे ४१ टक्के वाढतो. २० डार्कची सरासरी वापरली तर ही वाढ अडीच टक्क्यांवर येते.

पण हा हिशोब एका फ्रेमचा झाला. तोच मास्टर प्रत्येक लाइटमधून वजा होतो, त्यामुळे त्याचा उरलेला नॉइज सगळ्या फ्रेममध्ये अगदी सारखा उमटतो. फ्रेम एकमेकींपासून सरकलेल्या नसतील तर १०० लाइट स्टॅक करूनही तो कमी होत नाही. डिथरिंग (फ्रेमच्या मध्ये दुर्बीण थोडी सरकवणं) करत असाल तर २० ते ३० डार्क पुरतात. करत नसाल तर जमतील तेवढे घ्या. खरं तर डिथरिंग कराच. पार्श्वभूमीवर एकाच दिशेने तिरप्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात, त्यावर डार्क हा उपाय नाही. दर एकदोन फ्रेमनंतर दुर्बीण काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवणं आणि स्टॅकिंगमध्ये सिग्मा क्लिपिंग (बाकीच्या फ्रेमपेक्षा फार वेगळे आकडे वगळणं) लावणं, हाच उपाय आहे.

कॅमेऱ्यातलं ‘लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन’ बंद ठेवा. ते प्रत्येक फोटोनंतर तेवढ्याच वेळाचा एक डार्क घेतं, म्हणजे निरभ्र रात्रीचा निम्मा वेळ जातो, आणि वर एकाच डार्कचा नॉइज पदरात पडतो.

वजाबाकीतल्या चुका

डार्कमध्ये बायस (सगळ्यात कमी एक्सपोजरच्या काळ्या फ्रेममध्येही असणारी मूळ पातळी) आधीच असतो. लाइटमधून बायस वजा करून पुन्हा कच्चा मास्टर डार्क वजा केला तर बायस दोनदा जातो आणि पार्श्वभूमी शून्यावर आपटते. ऑफसेट फार कमी असला तरी तसंच होतं: हिस्टोग्राम (पिक्सेलच्या आकड्यांचा आलेख) डावीकडे कापला जातो आणि तो तपशील परत मिळत नाही. डार्कचा उंचवटा डाव्या कडेपासून सुटा दिसला पाहिजे.

अँप ग्लो असलेल्या सीमॉस कॅमेऱ्यात ‘डार्क ऑप्टिमायझेशन’ किंवा स्केलिंग (डार्क कमीजास्त करून लाइटशी जुळवणं) बंद करा. ग्लो वेळेच्या प्रमाणात सरळ वाढेलच असं नाही, त्यामुळे कोपऱ्यात उजळ किंवा काळा पट्टा राहतो. फ्लॅटना (सारख्या उजेडाच्या पृष्ठभागाच्या फ्रेमना) लाइटचे डार्क लावू नका. फ्लॅटच्याच एक्सपोजरचे डार्क-फ्लॅट घ्या. आणि सगळं रॉ किंवा फिट्समध्ये ठेवा, कारण डार्क डिबेअरच्या (कच्च्या आकड्यांतून रंग तयार करण्याच्या) आधी वजा व्हायला हवा. जेपेगमध्ये ते शक्यच नाही.

झाकणातून उजेड शिरतो हेही पुष्कळदा लक्षात येत नाही. काही प्लॅस्टिकची झाकणं इन्फ्रारेड अडवत नाहीत, न्यूटोनियन दुर्बिणीच्या मागच्या टोकातून उजेड येतो, डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधूनही येतो. एक डार्क दिवा लावून आणि एक अंधारात घ्या. दोन्हींचा मीडियन (सगळ्या पिक्सेलमधला मधला आकडा) वेगळा आला तर गळती आहे.

डार्क न वापरलेलेच बरे, असंही असतं

आयएमएक्स५७१ आणि आयएमएक्स५३३ या सेन्सरना अँप ग्लो नाही आणि त्यांचा डार्क करंटही खूप कमी आहे. तिथे डिथरिंग, बायस आणि खराब पिक्सेलचा नकाशा यांवर काम भागू शकतं. विनाकूलिंगच्या डीएसएलआरमध्ये तापमान जुळलंच नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: चुकीचा डार्क लावण्यापेक्षा बायस आणि भरपूर डिथरिंग बरं. शंका असेल तर तोच डेटा डार्कसह आणि डार्कशिवाय असा दोनदा स्टॅक करा, आकाशाचा तारे नसलेला तोच चौकोन दोन्हीकडे निवडा आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (नॉइजचं माप) मोजा. मग दोन्ही फोटो सारखेच स्ट्रेच करून (उजळवून) कोपरेही तपासा, कारण ग्लो त्या आकड्यात दिसत नाही.