शाश्वत व्यवसायपद्धती स्वीकारताना लहान कंपन्या करतात त्या चुका

लहान आणि मध्यम कंपन्यांमध्ये पर्यावरणाचा विचार गांभीर्याने होऊ लागला आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु सुरुवात जवळजवळ सर्वत्र उलट्या क्रमाने होते, म्हणजे आधी खरेदी आणि मग, जमल्यास, मोजमाप. छतावर सौर पॅनेल बसलेले असतात, पण कोणत्या यंत्राला किती वीज लागते असे विचारले की संपूर्ण कंपनीचे एकत्रित बिल पुढे केले जाते. बाकीच्या बहुतेक चुका याच चुकीतून निघतात.

धातूचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने कर्ज काढून सौर पॅनेल बसवले होते आणि बिल अपेक्षेइतके उतरत नाही म्हणून मला बोलावले होते. पॅनेलमध्येच दोष आहे, अशी मालकांची खात्री होती. मी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी गेलो, कारण यंत्रे बंद असताना जी वीज खर्च होते तीच सर्वाधिक बोलकी असते. उत्पादन पूर्ण थांबलेले असूनही हवेचा कॉम्प्रेसर (यंत्रांना दाबाखालची हवा पुरवणारे यंत्र) दर काही मिनिटांनी लोड घेत होता, म्हणजे पुन्हा हवा दाबून भरू लागत होता, आणि घड्याळ लावून पाहिले तेव्हा एकूण वेळेपैकी जवळजवळ एक तृतीयांश वेळ तो लोडवर होता. याचा अर्थ त्याच्या क्षमतेच्या एक तृतीयांश हवा केवळ गळतीत जात होती. नळ्यांची जोडणी (कपलिंग) सैल होती, एक होस चिकटपट्टीने गुंडाळलेला होता आणि कधीच हलवलेल्या यंत्राकडे जाणारी जुनी लाइन अजूनही चालू होती. सात बार (बार हे दाबाचे एकक) दाबाला तीन मिलिमीटरच्या एका छिद्रातून सेकंदाला साधारण दहा लिटर हवा जाते आणि ती तयार करायला तीन ते चार किलोवॅट लागतात. त्यातच टोकाच्या यंत्राला हवा कमी पडते म्हणून ऑपरेटरने दाब वाढवून ठेवला होता. वाढवलेल्या प्रत्येक बारमागे विजेचा खर्च सहा-सात टक्क्यांनी वाढतो आणि गळतीही वाढते. पॅनेल निर्दोष होते. आधी गळती काढली असती तर कर्जही लहान घ्यावे लागले असते.

म्हणून माझी सवय ठरलेली आहे: मागील बारा महिन्यांची बिले समोर आल्याशिवाय आणि सुट्टीच्या दिवशी मीटरचे आकडे घेतल्याशिवाय मी कोणत्याही खरेदीविषयी मत देत नाही. गळती शोधायला साबणाचे पाणी आणि ब्रश पुरतो, सापडलेल्या जागी लाल चिठ्ठी बांधावी आणि ही फेरी दर तीन महिन्यांनी पुन्हा करावी, कारण गळती परत येतेच. ‘लगेच काहीतरी दाखवायचे आहे’ असे म्हणणाऱ्यांना हे काम कंटाळवाणे वाटते. तरीही जो हे टाळतो त्याच्या पुढच्या गुंतवणुकीवर माझा विश्वास बसत नाही.

दुसरी चूक खरेदी विभागातली. सतत चालणाऱ्या मोटरच्या आयुष्यभराच्या खर्चात तिची किंमत अगदी थोडी आणि वीजच बहुतांश असते, तरीही निवड सर्वांत स्वस्त दरपत्रकाची होते. दरपत्रकांच्या तुलनेत वार्षिक वीजखर्चाचा रकाना सक्तीचा करावा. पंप किंवा पंखा पूर्ण वेगाने चालवून व्हॉल्व्ह अथवा डँपरने (हवेच्या मार्गातील झडपेने) प्रवाह दाबून धरणे हीदेखील उधळपट्टीच आहे: पंख्याचा वेग वीस टक्क्यांनी कमी केला तर लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते.

आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र म्हणजे प्रदूषण कमी झाल्याचा पुरावा नव्हे. ते व्यवस्थापनाच्या चौकटीचे मानक आहे, उत्सर्जनाची मर्यादा ते ठरवून देत नाही.

वेष्टनासाठी ‘कुजणारे’ म्हणून पीएलए (वनस्पतिजन्य) प्लॅस्टिक घेण्यापूर्वी आपला कचरा नेणाऱ्याशी बोलावे. हे प्लॅस्टिक नीट कुजायला औद्योगिक खतप्रकल्पातील साठ अंशांच्या आसपासचे तापमान लागते आणि पीईटीच्या (पाण्याच्या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या) बाटल्यांत मिसळले तर ते त्यांचा पुनर्वापरही बिघडवते.

आणि कृपया केवळ वीज व इंधनाचा हिशेब करून ‘कार्बन न्यूट्रल’ (निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्य) अशी जाहिरात करू नये. कच्चा माल, वाहतूक आणि उत्पादनाचा वापर यांतून होणारे, म्हणजे स्कोप ३ मधले उत्सर्जन अनेक व्यवसायांत सर्वांत मोठे असते. जे मोजले तेवढेच, कोणत्या वर्षाशी तुलना केली ते नमूद करून, लिहावे.