परिषदेला शोधनिबंध पाठवताय? या चुका टाळा

शोधनिबंध परत आला की मुलं आधी रिव्ह्यूअरला, म्हणजे निबंध तपासणाऱ्या परीक्षकाला, दोष देतात. सोलापुरातल्या अभियांत्रिकीच्या मुलांचे निबंध पाठवण्याआधी माझ्या टेबलावर येतात, आणि त्यातले कितीतरी नंतर रिव्ह्यूअरपर्यंत पोचतच नाहीत. काम बरं असतं, मेहनत खरी असते, पण ‘कॉल फॉर पेपर्स’चं, म्हणजे परिषद निबंध मागवताना अटी देते ते पान कुणी शेवटपर्यंत वाचलेलं नसतं. मी ते पान छापून घेतो आणि तारखा, पानांची मर्यादा, नाव द्यायचं की नाही, या गोष्टींवर लाल पेनने खूण करतो. मोबाइलवर वर-खाली करून हे वाचन होत नाही.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो डबल ब्लाइंडच्या चुकीने. या पद्धतीत लेखकाला परीक्षक कोण ते कळत नाही आणि परीक्षकाला लेखक कोण ते कळू द्यायचं नसतं. एका गटाने टॉवेलच्या कापडातले दोष कॅमेऱ्याने ओळखण्यावर काम केलं होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, मागांच्या खडखडाटात उभं राहून, पोरांनी तुटलेल्या ताण्याचे आणि तेलाच्या डागांचे फोटो काढले. कोणता दोष कशामुळे येतो, हे कामगारांकडून समजून घेतलं. असा डेटा प्रयोगशाळेत बसून मिळत नाही. निबंध पाठवायच्या रात्री पहिल्या पानावरची नावं त्यांनी काढली आणि काम झालं असं समजले. शेवटच्या पानावर आभार तसेच राहिले, त्यात गाइडचं आणि कॉलेजचं नाव. मधे एक वाक्य होतं, ‘आमच्या मागील निबंधात आम्ही दाखवल्याप्रमाणे’. फोटोंसाठी गुगल ड्राइव्हची लिंक दिलेली, ती उघडली की खातेदाराचं नाव समोर. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये लॅपटॉपवाल्याचं आडनाव. दोन ओळींचं उत्तर आलं : नियमभंग, परीक्षणाविना परत. पोरं शेवटच्या वर्षाची होती. निकाल लागला, सगळे नोकरीला पांगले आणि ते काम तसंच पडून राहिलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून असा निबंध मी रसायनशास्त्राच्या एका मॅडमना देतो आणि एवढंच सांगतो, ‘कुणी लिहिलाय ते शोधून काढा.’ विषय माहीत नसलेला माणूस नावं पटकन हेरतो, कारण तो समीकरणांत अडकत नाही. स्वतःच्या जुन्या निबंधाचा उल्लेख तिसऱ्याच कुणाचा असावा तसा करा. आभार निबंध स्वीकारल्यावर, कॅमेरा रेडी म्हणजे छपाईसाठीच्या अंतिम प्रतीत घाला. वर्डमध्ये ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवा, मगच पीडीएफ करा, आणि त्या पीडीएफच्या प्रॉपर्टीज पुन्हा उघडून पाहा.

दुसरी चूक घाईची. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘आंतरराष्ट्रीय परिषद, तीन दिवसांत स्वीकृती’ असं पोस्टर येतं आणि मुलं फी भरून मोकळी होतात. तीन दिवसांत कुणी नीट परीक्षण करत नसतं. २००५ साली एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी सायजेन नावाच्या प्रोग्रॅमने निव्वळ निरर्थक मजकूर तयार करून एका परिषदेला पाठवला आणि तो स्वीकारला गेला. धोका फक्त अनोळखी नावांपुरताही नाही : २०१४ मध्ये स्प्रिंगर ही प्रकाशनसंस्था आणि आयट्रिपलई ही अभियंत्यांची संघटना यांनी असे १२० हून अधिक निबंध मागे घेतले. म्हणून परिषदेचं नाव कितीही भारदस्त असलं तरी आधी मागच्या वर्षीचे निबंध शोधा. ते आयट्रिपलई एक्सप्लोर, एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेची डिजिटल लायब्ररी किंवा स्प्रिंगरलिंक अशा ऑनलाइन संग्रहात दिसले पाहिजेत. त्यातले दोन उघडून वाचा. समितीतल्या प्राध्यापकांच्या स्वतःच्या पानावर या परिषदेचा उल्लेख आहे का, तेही बघा. फाइलला लावायला सर्टिफिकेट मिळेलही, पण तुमचं चांगलं काम तिथे गाडलं जातं. एकदा छापलेलं पुन्हा दुसरीकडे नवं म्हणून देता येत नाही.

एकच निबंध एकाच वेळी दोन परिषदांना पाठवू नका. दोन्हीकडचा परीक्षक एकच निघू शकतो.

सिमिलॅरिटीचा, म्हणजे आधीच्या लेखनाशी जुळणाऱ्या मजकुराचा, आकडा खाली आणायला शब्द बदलून देणारी साधनं वापरणं मला अजिबात मान्य नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पण चोरलेला विचार शब्द बदलल्याने आपला होत नाही. शिवाय अशा साधनांनी आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ (नकली जाणीव) केलेले निबंध छापले गेले आणि पुढे त्याच शब्दांमुळे पकडले गेले. स्रोत बंद करा आणि समजलं ते स्वतःच्या वाक्यात लिहा.

पान वाढलं म्हणून समास किंवा अक्षरं बारीक करू नका. मजकूर कापा.

मराठीतून निबंध पाठवत असाल तर कृतीदेव किंवा श्रीलिपी नको, युनिकोड वापरा. समोरच्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर तुमच्या निबंधाच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात.

डेडलाइनपुढे ‘एओई’ (एनीव्हेअर ऑन अर्थ, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख संपेपर्यंत) लिहिलेलं असेल तर आपल्याकडे ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५.२९ पर्यंत असते. पण सगळ्याच परिषदा हे घड्याळ पाळत नाहीत. मी तर आदल्या दिवशीच एक प्रत चढवायला लावतो. बहुतेक ठिकाणी मुदतीपर्यंत ती बदलता येते. चढवलेली फाइल लगेच परत उतरवून दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडा, आकृत्या जागेवर आहेत का बघा.

आणि सादरीकरणाला कोण जाणार, भाड्याचे आणि नोंदणीचे पैसे कुठून येणार, हे पाठवण्याआधीच गाइडशी बोलून घ्या. स्वीकारलेला निबंध कुणीच सादर केला नाही, तर आयट्रिपलईच्या परिषदांत तो एक्सप्लोरवरून वगळला जाऊ शकतो.