मुंबई ते न्यूयॉर्क: हवाई अंतर दोऱ्याने मोजा

मुंबई आणि न्यूयॉर्क यांमधील हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. मात्र भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते मोजू नये, कारण ती सरळ रेषा अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते, तर पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेकडे वळून रशिया आणि आइसलंडवरून जातो. घरात पृथ्वीगोल असल्यास दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरावा, त्याची लांबी मोजावी, मग विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळून येणारी लांबी म्हणजे अंदाजे ४०,००० किलोमीटर हे प्रमाण धरून हिशेब करावा. साधारण ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर होतात. (मुलांना हा खेळ फार आवडतो.) गूगल मॅप्समधील अंतर मोजण्याची सोयही हेच लघुतम अंतर दाखवते.

प्रवासाच्या वेळेचा अंदाज बांधताना मात्र या आकड्यावर विसंबू नये, कारण बंद हवाई हद्दी टाळण्यासाठी विमानाला वळसा घ्यावा लागतो आणि पश्चिमेकडून वाहणाऱ्या उंचावरील वेगवान वाऱ्यांमुळे न्यूयॉर्ककडे जाताना परतीच्या प्रवासापेक्षा सहसा अधिक वेळ लागतो.